तलफेवरच्या गोळ्या आणि महिन्याचा हिशेब

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीचे, म्हणजे क्वार्टरचे, किमान दर नव्याने ठरवले. देशी ८० रुपये, महाराष्ट्रात धान्यापासून बनणारं मद्य १४८ आणि भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५. औषधांवरच्या लेखात हे आकडे आधी आणायचं कारण सरळ आहे. दारूची तलफ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची एक गोळी खासगी मेडिकलमध्ये साधारण ६० ते १०० रुपयांना पडते आणि ती रोज एक घ्यायची असते. रोज विदेशी क्वार्टर पिणाऱ्याच्या घरात ही गोळी निम्म्याहून कमी खर्चाची ठरते. देशी पिणाऱ्या मजुराला मात्र ती त्याच्या क्वार्टरएवढ्याच पैशांत मिळते, आणि वर डॉक्टरची फी वेगळी. त्यामुळे ‘दारूपेक्षा औषध स्वस्त’ हे वाक्य सगळ्यांना लागू होत नाही. कुणाला खासगी वाट परवडेल आणि कुणी सरळ सरकारी केसपेपर काढावा, हे या फरकावरूनच ठरतं.

दारूवर गोळ्या असतात हेच अनेक घरांना माहीत नसतं. ‘सोडवायची’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते केंद्रात महिनाभर दाखल करणं. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं. बाकीच्या ३७ जणांत असे पुष्कळ असणार, ज्यांना दाखल होण्याची गरजच नव्हती. मानसोपचारतज्ज्ञाची ओपीडी, एक-दोन रक्ततपासण्या, रोजची गोळी आणि बोलायला एक माणूस, एवढ्यावर त्यांचं भागलं असतं.

गोळीच्या आधीचा खर्च

तलफेची औषधं आणि दारू थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची औषधं वेगळी. रोज भरपूर पिणाऱ्याने एका सकाळी ठरवून बाटली बंद केली, तर पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींची शुद्ध हरपते, भास होतात, माणूस बडबडू लागतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. पूर्वी कधी दारू थांबवताना फिट आली असेल, भास झाले असतील, सकाळी उठल्याबरोबर घोट घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नसतील, तर घरच्या घरी ‘आजपासून बंद’ हा प्रयोग करू नका. असं झालंच तर हिशेब बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

या टप्प्यावर डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड (लिब्रियम या नावाने जुन्या लोकांना माहीत असलेलं) किंवा लोराझेपाम काही दिवसांसाठी देतात आणि उतरत्या मात्रेत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, हवंच. थायमिन काही रुपयांना मिळतं, पण ते चुकलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बिल कमी करताना त्यावर काट मारू नका. लिब्रियमच्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. त्या ‘झोपेसाठी बऱ्या’ म्हणून महिनोन्‌महिने चालू राहिल्या, तर एक व्यसन जाऊन दुसरं येतं.

त्रास सौम्य असेल तर हे सगळं ओपीडीतून होतं. दाखल व्हावं लागलं तर खासगीत दिवसाला हजारापासून काही हजारांपर्यंत आकार असतो आणि व्यसनमुक्ती केंद्राचा महिन्याचा खर्च दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो. दाखल करण्याआधी हे विचारून घ्या: मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की आठवड्याला? औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्ये आहेत की वेगळ्या? मधेच न्यायचं झालं तर भरलेले पैसे परत मिळतात का? केंद्राची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस गडबडला, तर दुसरं केंद्र बघा.

कोणती गोळी, कोणासाठी

मेडिकलवाल्याकडे ‘दारू सुटायची गोळी द्या’ म्हणून मागणारे असतात. पण हे एक औषध नाही, पाच-सहा आहेत. त्यातलं कोणतं चालेल हे खिशाआधी यकृत, मूत्रपिंड आणि दारू सध्या चालू आहे की थांबलीय यावर ठरतं.

नॅल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा कमी करतं. दारू प्यायल्यावर मेंदूत जी सुखाची लहर उठते, तिचा रस्ता ते अडवतं. त्यामुळे एक पेग झाला की दुसऱ्यासाठी होणारी ओढ मंदावते. अमेरिकेत दारूसाठी त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ते नोडिक्टसारख्या नावांनी मिळतं. मोठी सोय ही की दारू पूर्ण थांबलेली नसतानाही ते सुरू करता येतं. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते, जेवणानंतर घेतली तर कमी. तीव्र कावीळ किंवा यकृत निकामी होत आलेलं असेल तर ते देत नाहीत. त्यामुळे यकृताची तपासणी (एलएफटी) आधी आणि मग काही काळाने पुन्हा करावी लागते. खासगी लॅबमध्ये तिला साधारण ३०० ते ८०० रुपये पडतात.

नॅल्ट्रेक्सोनचा एक धोका घरच्यांनी पाठ करावा. अफू, ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, ब्युप्रेनॉर्फिन यातलं काही चालू असताना ही गोळी घेतली तर एकदम जोराचा त्रास सुरू होतो. आधी ती औषधं बंद होऊन साधारण सात ते दहा दिवस जावे लागतात. उलट बाजूने, ही गोळी चालू असताना अपघात झाला किंवा ऑपरेशन ठरलं, तर नेहमीची तीव्र वेदनाशामकं नीट काम करत नाहीत. म्हणून पाकिटात ‘मी नॅल्ट्रेक्सोन घेतो’ अशी चिठ्ठी ठेवा. या चिठ्ठीला काहीच खर्च नाही.

अकॅम्प्रोसेटचं काम निराळं. दारू थांबल्यावर मन आतून जे बेचैन राहतं, झोप लागत नाही, उगाच ‘काहीतरी हवंय’ असं वाटत राहतं, ते शांत करायला ते मदत करतं. म्हणून ते दारू थांबल्यावर सुरू करतात. यकृत खराब असलेल्यांना ते सोयीचं, कारण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. याच कारणाने क्रिएटिनिनची तपासणी आधी हवी, जी शंभर-दोनशे रुपयांत होते. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हे औषध बाद. गोळी ३३३ मिलिग्रॅमची आणि पूर्ण मात्रा दिवसाला सहा गोळ्या, दोन-दोन-दोन. वजन ६० किलोच्या आत असेल तर अनेक डॉक्टर चार देतात. गोळी साधारण ८ ते १४ रुपयांना, म्हणजे सहा गोळ्यांचे महिन्याला १,४५० ते २,५०० रुपये. पट्टीची किंमत ऐकून स्वस्त वाटतं आणि इथेच लोक फसतात. सहा गोळ्यांची पट्टी एका दिवसात संपते. शिवाय दिवसातून तीनदा गोळी आठवणीने घेणं हे बिगारी कामावरच्या किंवा फिरतीवरच्या माणसाला जमतंच असं नाही. दुपारची मात्रा चुकत राहिली तर पैसे खर्च होऊनही औषध पूर्ण मिळत नाही. आपल्याला काय जमेल हे डॉक्टरला खरं सांगा.

बॅक्लोफेन हे मुळात स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध. यकृताचा सिरॉसिस झालेल्यांवरच्या इटलीतल्या चाचणीचे चांगले निष्कर्ष २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पोटविकारतज्ज्ञ ते लिहू लागले. फ्रान्सने २०१८ मध्ये त्याला दारूसाठी मान्यता दिली. १० मिलिग्रॅमची गोळी कंपनीनुसार ५ ते १५ रुपये, दिवसाला तीन धरल्या तर महिन्याला ४५० ते १,३५०. गुंगी येते. रिक्षा, ट्रक, यंत्र चालवणाऱ्याने सुरुवातीचे दिवस जपावे. दारूसोबत ही गुंगी धोकादायक होते आणि औषध एकदम बंद केलं तर उलटतं.

टोपिरामेट आणि गॅबापेंटिन ही फिट्स आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं काही डॉक्टर तलफेसाठी वापरतात. दोन्हींचा महिन्याचा खर्च मात्रेनुसार हजाराच्या आतबाहेर. टोपिरामेटने शब्द आठवेनासे होतात, बोटांना मुंग्या येतात. गॅबापेंटिनचा नशेसाठी गैरवापर होतो. पहिली दोन औषधं चालत नसतील तेव्हा यांचा विचार.

डायसल्फिराम सगळ्यात स्वस्त. २५० मिलिग्रॅमची गोळी दहा रुपयांच्या आतबाहेर, महिन्याला तीनशेच्या घरात. म्हणूनच ते पुष्कळदा लिहिलं जातं आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो: हे तलफेचं औषध नाही. त्याने ओढ कमी होत नाही. गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. त्या भीतीने माणूस पीत नाही. ज्याने स्वतः ठरवलंय, हृदय-यकृत ठीक आहे आणि रोज सकाळी घरच्या कुणासमोर गोळी घेण्याचं मान्य केलंय, त्याला ते खूप उपयोगी पडतं. ज्याने ठरवलेलं नाही तो गोळी जिभेखाली ठेवतो आणि मोरीत थुंकतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करायची नाही, आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. या काळात काही खोकल्याची औषधं आणि माउथवॉश बंद. आपल्या घरांत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आसव-अरिष्टं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत मुळातच मद्यार्क तयार होतो. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार’ म्हणून सासूबाईंनी प्रेमाने दिलेले दोन चमचे दवाखान्यात पोहोचवू शकतात.

पैसे वसूल होतात का

हा प्रश्न विचारायला लाजू नका. २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ११८ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्याचा निष्कर्ष साध्या भाषेत मांडला तर असा: अकॅम्प्रोसेट ११ जणांनी घेतलं, तर त्यातला एक जण असा, जो औषधाशिवाय पुन्हा प्यायला लागला असता आणि औषधामुळे वाचला. नॅल्ट्रेक्सोनच्या बाबतीत हा आकडा १८, पण पुन्हा भरमसाट पिण्याकडे वळणं रोखण्यात ११. ऐकायला हे फार वाटत नाही. पण औषधांच्या जगात हे आकडे वाईट नाहीत, आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्या कुठल्याही पुडीपेक्षा प्रामाणिक आहेत. दुसरी कामाची माहिती २००६ च्या ‘कम्बाइन’ या अमेरिकी चाचणीतून येते. नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट दोन्ही एकत्र दिल्याने जास्त फायदा दिसला नाही. तुमच्या चिठ्ठीवर दोन्ही पहिल्याच दिवशी असतील, तर ‘एकाने सुरुवात करू का’ असं विचारणं हा तुमचा हक्क आहे. अडीच हजारांचं बिल साडेचार हजारांवर जातं ते असं.

गोळीच्या जोडीला बोलणं हवं, आणि ते महाग असायला हवं असं नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्या गटातले ४२ टक्के लोक दारूपासून दूर होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत १८ टक्के. हे लोक पूर्ण आहारी गेलेले नव्हते, म्हणून निष्कर्ष ताणू नये. पण तासाला दीड-दोन हजार घेणारा समुपदेशकच हवा हा समज त्यामुळे ढिला होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना फी नसते. मराठीतून चालणाऱ्या बैठका मुंबई-पुण्यातच नव्हे तर अनेक जिल्ह्यांच्या गावी आहेत. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ आणि शासनाच्या सहभागातून २०१६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’ने तालुक्याच्या ठिकाणी उपचार क्लिनिकं नेली. दारूबंदीच्या जिल्ह्यातही उपचाराची गरज संपत नाही हे त्यावरून कळावं.

सहा महिन्यांचं बिल

या गोळ्या आठवडाभराच्या नसतात. साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात, म्हणून हिशेब सहा महिन्यांचा मांडा. समजा नॅल्ट्रेक्सोनची गोळी ८० रुपयांची मिळाली. महिन्याला २,४००, सहा महिन्यांत १४,४००. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट १,००० आणि पुढच्या पाच ७०० च्या, मिळून ४,५००. एलएफटी दोनदा, ६०० प्रमाणे १,२००. बेरीज २०,१००. रोज एक विदेशी क्वार्टर २०५ ची, म्हणजे सहा महिन्यांत साधारण ३६,९००. चखणा, मित्रांचं बिल, कामाचे खाडे धरलेच नाहीत. रोज एक देशी धरली तर १४,४००, म्हणजे नुसत्या गोळ्यांच्या बेरजेइतकी. त्या घराला खासगीत सहा महिने निघणार नाहीत. दोन महिन्यांनी पैसे संपले म्हणून औषध सोडण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून सरकारी रांगेत उभं राहिलेलं बरं.

जाता जाता, दारू प्यायला महाराष्ट्रात कायद्याने परवाना लागतो आणि एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५ रुपये आहे. पिण्याची परवानगी इतकी स्वस्त ठेवणाऱ्या राज्यात न पिण्याचं औषध निदान मोफत मिळावं, ही अपेक्षा गैर नाही. आणि काही ठिकाणी ते मिळतंही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यात येतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ असतात. ओपीडीचा वार आधी विचारून जा, नाहीतर एक रोज बुडतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडीत दारूवर उपचार होतात. तिथे गेलं म्हणजे ‘वेडा’ ठरलो, ही भीती आता सोडायला हवी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडं शुल्क लागतं. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

सरकारी खिडकीवरचा खरा अडथळा औषध संपलेलं असणं हा. ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी हातात आली तर तिथेच परत डॉक्टरकडे जा आणि ‘आत जे आहे त्यातलं मला चालेल असं काही आहे का’ हे विचारा. नॅल्ट्रेक्सोन नसेल तर बॅक्लोफेन असू शकतं. ज्यांचा पगार महिन्याला २१,००० च्या आत आहे आणि ईएसआयसी कापली जाते, त्यांनी ते कार्ड काढावं. ओपीडीची औषधं तिथून मोफत मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल रुग्णांसाठी आहे, रोजच्या गोळीसाठी तिचा उपयोग नाही.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६.

काउंटरवर

ही सगळी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी मागता येते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांत गोळीमागे वीस-तीस रुपयांचा फरक सहज पडतो. छापील किमतीत कर धरलेला असतो, वर काही द्यायचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीची पट्टी हातात आली तर नवा दर विचारा. सरकारी किंमत नियंत्रण यादीत नसलेल्या औषधाचीही छापील किंमत वर्षभरात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अ‍ॅपवर किमती दिसतात, आणि ‘जनऔषधी सुगम’वर जवळचं केंद्र आणि जनऔषधीतली औषधं. सगळी औषधं जनऔषधीत मिळतीलच असं नाही, पण मिळालं तर फरक निम्म्याहून मोठा असतो.

पहिल्यांदा दहा दिवसांचंच घ्या. मळमळीने औषध बदलावं लागलं तर कापलेल्या पट्ट्या दुकानदार परत घेत नाही. सहन झालं की मग महिन्याचं एकदम आणि दहा-पंधरा टक्के सूट मागून.

चिठ्ठीवरच्या प्रत्येक ओळीसमोर ‘हे कशासाठी’ विचारा. तलफेची एक गोळी, थायमिन, आणि खाली लिव्हर टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीनचा डबा, गॅसची गोळी. कधीकधी खालच्या ओळींचं बिल वरच्यापेक्षा जास्त होतं. लिव्हरच्या टॉनिकने दारूने बिघडलेलं यकृत सुधारतं याला भक्कम आधार नाही. दारू थांबली की यकृत बऱ्याचदा स्वतःच सावरतं. दर महिन्याला सहाशे-सातशे वाचवायचे तर ते इथे.

विम्याचं वेगळंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकार मानसिक आजारात धरतो आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं म्हणतो. पण आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘एक्सक्ल १२’ या सांकेतिक क्रमांकाचं एक ठरावीक कलम असतं, ज्यात मद्यपाश, अमली पदार्थ आणि त्यांचे परिणाम यांवरचा उपचार वगळलेला असतो. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे दाखल होण्याआधी वाचा. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे फी नाही.

पुडीवाले

रिक्षांच्या मागे, एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर जाहिरात असते: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’. कोर्स दोन-तीन हजारांपासून पुढे. पुडीत नेमकं काय आहे हे लिहिलेलं नसतं. कधी नुसती भुकटी, तर कधी त्यात डायसल्फिराम असण्याचा धोका. हा माणूस नेहमीप्रमाणे संध्याकाळी तीन पेग मारणार, त्याला गोळीची कल्पना नाही, हृदयाचा झटका आला तर डॉक्टरलाही कारण कळणार नाही. डायसल्फिराम चहात, आमटीत मिसळून देणं हा असाच प्रकार, मग पुडी मेडिकलची असली तरी. बायको, आई हे वैतागून करतात, आणि त्यांचा वैताग खरा आहे. पण तेच तीन हजार घेऊन एकटीने मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा टेलिमानसवर जाता येतं. पिणारा येत नसला तरी घरच्यांना सल्ला मिळतो: पैसे हातात कसे द्यायचे नाहीत, कोणत्या क्षणी विषय काढायचा, मारहाण झाली तर काय करायचं.

आणि गोळी चालू असताना एखाद्या संध्याकाळी पाय घसरला तर? नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट त्या दिवशीही सोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी घ्यायचं आणि डॉक्टरला सांगायचं. ‘आता पिलोच, मग गोळी कशाला’ म्हणून उरलेली पट्टी कचऱ्यात टाकली की हजारभर रुपये त्यासोबत जातात. बॅक्लोफेन घेणाऱ्याने त्या रात्री गाडी चालवायची नाही, एकटं झोपायचं नाही आणि स्वतःच्या मनाने गोळी बंदही करायची नाही, सकाळी डॉक्टरला फोन करायचा. डायसल्फिरामवाल्याने मात्र गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जायचं आणि तिथे सगळ्यात आधी गोळीचं नाव सांगायचं.